आजारपण म्हणजे पापाची शिक्षा का?

प्रश्न : सप्रेम सलाम. आम्ही सोलापूरला असतो. मालक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला, मी घरी विड्या वळते. उन्हाळ्यात मालकांना टीबी निघाला. प्रार्थनासभेतले एक भाऊ म्हणाले, "घरात लपवलेलं पाप आहे. पश्चात्ताप करा, गोळ्या सोडा, विश्वासाने बरे व्हाल. प्रभू दारात उभा आहे, रडता कशाला? आनंद करा!" प्रभू परत कधी येणार याच्या तारखाही सभेत सांगतात. मालकांनी गोळ्या सोडल्या. घराच्या वाटणीवरून मी जावेला नको ते बोलले, तेव्हापासून आमचा अबोला आहे. तेच पाप असेल का? आणि आनंद मला काही केल्या होत नाही.
— एक भगिनी

उत्तर : ताई, आधी गोळ्या. छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला वेगळं पत्र टाकलंच आहे, पण इतर घरांसाठी इथेही लिहिते. माझा जन्म नर्सच्या नोकरीत गेला, त्यामुळे या बाबतीत मी गोड बोलणार नाही. साध्या टीबीचे उपचार साधारण सहा महिने चालतात. बरं वाटलं किंवा कुणी सांगितलं म्हणून मध्येच सोडले, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तोच चिवट टीबी घरातल्यांनाही लागू शकतो. मालकांना घेऊन त्याच सरकारी दवाखान्यात जा, किती दिवस खाडा झाला ते खरं सांगा. मुलांचीही तपासणी करून घ्या. औषध फुकट असतंच, शिवाय आहारासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात येतात, ते येतात का बघा. आणि विड्या वळायचं तंबाखूचं सूप त्यांच्या अंथरुणाजवळ नको.

गोळी घेणं म्हणजे अविश्वास, हे त्या भावांनी कुठे वाचलं कोण जाणे! बायबलातच बघा, प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. पौलाचा सोबती त्रफिम आजारी पडला तेव्हा पौलाने त्याला मिलेत गावात मागे ठेवलं, तसं आपल्या सहकारी तीमथ्याला पत्रात कळवलं, आणि पत्र पुढे चालू. त्रफिमाने काय पाप केलं होतं, याची चौकशी त्या पत्रात नाही.

आता पापाचं. लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. रोमी सुभेदार पिलाताने गालील प्रांतातल्या काही लोकांना यज्ञ करताना मारलं, ही बातमी घेऊन लोक येशूकडे आले. त्यांना काय ऐकायचं होतं ते त्याने ओळखलं. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते का? नाही. मग त्यानेच यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांची गोष्ट काढली. तेही जास्त अपराधी? नाही. बुरूज का पडला, हे तो सांगतच नाही. पण दोन्ही वेळा पुढचं वाक्य तेच : पश्चात्ताप करा. हे तो जिवंत उभ्या असलेल्यांना सांगतो, मेलेल्यांकडे बोट दाखवणाऱ्यांना. हा अध्याय त्या भावांनी माझ्याआधी वाचावा असं मला वाटतं.

आनंदाचं ओझं तर तुमच्यावर उगाच टाकलंय. ज्यांना पवित्र आत्म्याचं प्रथमफळ, म्हणजे पहिलं देणं, मिळालं तेही आतल्या आत कण्हत वाट पाहतात, असं पौलाच्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. मेलेल्या मित्राला, लाजराला, आता उठवायचंय हे ठाऊक असून येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. त्याला कुणी "आनंद करा" म्हटलं नाही. प्रभू परत येणार, मेलेले उठणार, मालकांची छाती पुन्हा कधी भरणार नाही, यावर माझा पक्का विश्वास आहे. त्या आशेचा आनंद खरा आहे, पण तो हुकमाने चेहऱ्यावर आणता येत नाही. रात्री खोकला ऐकत तुम्ही "ये, प्रभू येशू" म्हणता ना? तो आनंद त्यातच आहे. प्रभू परत येण्याचा दिवस मात्र पुत्राला, म्हणजे खुद्द येशूलाही, ठाऊक नाही, असं मार्कच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय सांगतो; मग सभेत तारखांचे अंदाज कशाला? थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत प्रभूच्या दिवसाच्या बातमीने लोक बिथरले होते. काही जण कामधंदा सोडून बसले होते, त्यांना पौलाने चांगलंच सुनावलं. तुम्ही पानं भिजवा, विड्या वळा, वाटही पाहा.

राहिली जाऊबाई. वाकडं बोललात असं मनाला लागतंय ना, मग जा आणि माफी मागा. मालक बरे व्हावेत म्हणून नको. तो सौदा होईल, आणि ते बरे झाले नाहीत तर तुम्ही पुन्हा दुसरं पाप शोधत बसाल. वाटणीचा वाद लगेच मिटणार नाही, त्याला वेळ द्या. आणि पहिल्या भेटीत टीबीचा विषय काढू नका.