रोग याच वर्षी का उसळला?

प्रश्न : रोगाची बुरशी जंगलात कायमच असते, मग एखाद्याच वर्षी झाडांना रोग का लागतो?

उत्तर : बीजाणू (बुरशीचा बीसारखा सूक्ष्म कण) पानावर पडून भागत नाही; तो रुजायला पान सलग काही तास ओलं राहावं लागतं. पांढऱ्या पाइनच्या तांबेऱ्याला तर साधारण ४८ तास दमट हवा आणि २० अंश सेल्सिअसखालचं तापमान लागतं. मध्येच ऊन पडून पान वाळलं, की कोवळा अंकुर बहुधा मरतो. म्हणून पावसाच्या मिलिमीटरपेक्षा पान किती तास ओलं होतं ते टिपा. (भुरीला मात्र पानावर पाणी नकोच, दमट हवा पुरते.) दाट लागवडीत विरळणी केली, की वारा खेळतो आणि पानं लवकर वाळतात.

फायटोफ्थोरा या मुळं कुजवणाऱ्या, बुरशीसारख्या जीवाचे पोहणारे बीजाणू साचलेल्या पाण्यातून मुळं गाठतात. तिथे चर खोदून निचरा करा. पाइनवरचा डिप्लोडिया (हीही बुरशीच) उलटा: झाडात गुपचूप राहतो, दुष्काळाने झाड खचलं की शेंडे वाळवतो.