घरातल्या ऑफिसचं भाडं आणि मामांची पॉलिसी

प्रश्न : वय ३४, नाशिक. नोकरी सोडून फ्रीलान्स सॉफ्टवेअरचं काम करतो. वर्षाला १८ लाख जमा होतात, सगळे बँकेतून. रिटर्न ४४एडीएखाली (व्यावसायिकांसाठी अंदाजित नफ्यावर कर लावणारं कलम) भरतो. टू-बीएचकेचं भाडं २२ हजार, त्यातली एक खोली फक्त कामाची. भाड्याचा ४० टक्के भाग, वीजबिल, वायफाय, लॅपटॉप हे खर्चात दाखवता येईल का? ८०सीसाठी (गुंतवणुकीवरची करवजावट) पत्नीच्या मामांकडून वर्षाला १.२ लाख हप्त्याची विमा पॉलिसी घेतली आहे, दोन हप्ते भरले. त्यांच्याच सांगण्यावरून गेल्या वर्षी जुनी करप्रणाली निवडली. मुलगी चार वर्षांची. दुसरा कोणताही विमा नाही.

उत्तर : नाही दाखवता येणार, आणि दाखवण्याची गरजही नाही. ४४एडीएमध्ये तुमच्या जमेतला निम्मा भाग खर्च म्हणून आधीच सोडून दिलेला असतो. त्यात भाडं आलं, वायफाय आलं, लॅपटॉपचा घसाराही आला. तुमचा खरा खर्च मोजला तर भाड्याचे एक लाख आणि बाकी सगळं धरून तीन लाखांच्या वर जाणार नाही. सरकार नऊ लाख मान्य करतंय. ते सोडून खोलीचे चौरस फूट मोजत बसायचं असेल तर हिशेबाच्या वह्या ठेवा आणि नफा ५० टक्क्यांहून कमी दाखवताय म्हणून ऑडिटही करून घ्या. सीएची फी तेवढी वाढेल.

आता जे तुम्ही विचारलंच नाही त्याबद्दल.

तुमचं करपात्र उत्पन्न नऊ लाख. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. बँकेचं थोडं व्याज धरलं तरी तुम्ही बरेच आत आहात. जुन्या प्रणालीत मात्र १.२ लाखांचा हप्ता वजा करूनही सुमारे ७१ हजार कर बसतो. म्हणजे कर वाचवायला पॉलिसी, पॉलिसीची वजावट मिळावी म्हणून जुनी प्रणाली, आणि जुन्या प्रणालीमुळे कर! मामांना कमिशन मिळालं, तुम्हाला काय मिळालं?

फॉर्म १०-आयईए भरून रिटर्नच्या मुदतीच्या आत नव्या प्रणालीत परत या. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला ही परतीची संधी एकदाच मिळते; नंतर पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. तुमच्या बाबतीत त्याची हळहळ वाटायचं कारण नाही. कंपन्यांनी तुमच्या बिलातून टीडीएस (आगाऊ कर) कापला असेल तर तोही रिफंड म्हणून येईल.

पॉलिसीचं गणित तर आणखी वाईट. वीस वर्षं १.२ लाख भरून ४२ लाख मिळतील असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. हा परतावा जेमतेम पाच टक्के, त्यातलाही बोनस 'अपेक्षित'. विमा रक्कम १२ लाख. तुमच्या घराचा खर्च महिन्याला ६० हजार आहे. तुमच्या माघारी हे पैसे वीस महिने पुरतील. मुलगी तेव्हा पहिलीतही गेलेली नसेल.

एक कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा), निर्व्यसनी असाल तर, वर्षाला साधारण १२-१५ हजारांत मिळावा. तो आधी घ्या, प्रस्तावात आजारपणं लपवू नका. ही नवी पॉलिसी हातात आली की विमा कंपनीकडून जुन्या पॉलिसीची सरेंडर किंमत (आता मोडली तर मिळणारी) आणि पेड-अप रक्कम (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी) लेखी मागवा. बहुधा पेड-अप करून तिसरा हप्ता थांबवणंच सोयीचं ठरेल. 'एवढे भरलेत तर आता पुरं करा' असं मामा म्हणतील, पण भरलेल्या २.४ लाखांसाठी आणखी २१.६ लाख घालायचे नसतात. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही गेला, तेव्हा तिघांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा एकत्र आरोग्य विमा) याच महिन्यात.

खोलीचं भाडं विसरा, जमेवर लक्ष ठेवा. अजून एक क्लायंट मिळाला की २० लाख ओलांडाल आणि जीएसटी नोंदणी करावी लागेल. नव्या कराराचा दर ठरवताना १८ टक्के वेगळे लावायचे हे तेव्हाच लिहून घ्या, नाहीतर ते तुमच्या खिशातून जातील.