घरी बाळंतपण, मग थोरलीचं काय?

ताई, आधी एक माणूस फक्त लेकीसाठी ठरवा. आजी, मावशी, शेजारच्या काकू, जिच्यापाशी ती रमते अशी कुणीही. नवरा नको. तो तुमच्याजवळ हवा, आणि १०८ बोलावून दवाखान्यात निघायची वेळ आली तर तोच सोबत येणार.

इथेच बहुतेकजणी चुकतात: नाशिकरोडची आत्या येईल म्हणून निर्धास्त राहतात आणि कळा सुरू होतात मध्यरात्री. पंचवटीत राहता ना? मग पायी येऊ शकेल असं दुसरंही माणूस सांगून ठेवा.

- आई जोरात कण्हेल, ओरडेल, हे लेकीला आत्ताच सांगा.
- कपडे, खाऊ, आवडतं पांघरूण पिशवीत तयार.
- ‘बाळ येताना बघशील’ असं कबूल करू नका. घाबरली तर मावशीने तिला लगेच बाहेर न्यावं. दिवस असेल तर सरळ गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर.

तुमची तयारी चांगली चाललीय. बाकीचं नवव्या महिन्यात बोलू.