कथा जाई राहिनात?

प्रिय ओवी,

परवा ट्रेनने उट्रेख्तहून परत येताना तू विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. डब्याच्या काचेवर डचमध्ये 'स्टिल्टे' लिहिलेलं होतं म्हणून माझी सुटका झाली. शांततेच्या डब्यात आयांना गप्प बसता येतं.

"आई, जीपमधल्या त्या बाईंना आपलं सगळं कशाला हवं होतं? आणि तू सांगत का बसलीस? इथे तर तू कुणाशीच बोलत नाहीस." पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती. तिसरं वाक्य प्रश्न नव्हतंच, आणि तेच लागलं. म्हणून लिहून देते. अक्षर लागलं नाही तर विचार, पण शुद्धलेखन काढू नकोस.

खानदेशात दोंडाईचा ते सारंगखेडा, नाताळच्या सुट्टीत, दत्ताच्या यात्रेला निघालो होतो ती जीप. तुला घोडे बघायचे होते, मला एकमुखी दत्ताचं दर्शन घ्यायचं होतं, नि बाबांना दोन्ही नको होतं. मांडीवर बोरांची पिशवी घेतलेल्या त्या मावशींनी बसल्या बसल्या सुरुवात केली, "कथा जाई राहिनात?" म्हणजे आपल्या अहिराणीत, कुठे चाललात? मग गाव कोणतं, माहेर कोणतं, जावई काय करतात, पोर एकटीच का, विमानाला किती पैसे पडले, तिकडे भाकरी मिळते का. तापीचा पूल येईपर्यंत नऊ प्रश्न झाले. तू बोटांवर मोजत होतीस, मी बघितलं. उतरताना त्यांनी तुझ्या ओंजळीत बोरं ओतली आणि तू आधी माझ्याकडे पाहिलंस, घेऊ का म्हणून.

आता खरं सांगू? "कथा जाई राहिनात" हा प्रश्नच नाही. म्हणजे आहे, पण उत्तर 'हे काय, इथंच' एवढंही चालतं. तुमच्याकडे 'हू खाट हेट', कसं काय, विचारतात तेव्हा कुणाला आपल्या तब्येतीची फाइल हवी असते का? तसंच. (तुमच्याकडे असं लिहिलं बघ मी. असू दे.)

मी तुझ्याएवढी असताना दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई मला घेऊन माहेरी जायची. अमळनेरहून पॅसेंजर, सुरतेकडे जाणारी, दोंडाईच्याला उतरायचं. वैशाखातलं ऊन, खिडकीची सळई हात भाजेल अशी. समोरच्या बाकावरचं कुणीतरी, बहुतेक पानाची चंची सोडत, विचारायचं, "कोनी पोर शे वं तू?" मग आबांचं नाव, मामांचं गाव, कुणाची तरी चुलत नणंद, आणि नरडाणा येईपर्यंत नातं सापडायचंच. "मंग आपलीच पोर शे ना ही!" की लगेच डबा उघडायचा. अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही हे मला कुणी शिकवलंच नाही, कारण तासाभराच्या वर कुणी अनोळखी राहतच नसे. तुझे नाना, म्हणजे माझे वडील, अजून तसेच आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, ९७ वं, गावात १९५२ नंतर पहिल्यांदाच. नाना एवढ्या हौसेने गेले, आणि रात्री फोनवर मला एकाही भाषणाबद्दल सांगितलं नाही. जेवणाच्या रांगेत पुढे उभा असलेला माणूस आपल्या साडूच्या गावचा निघाला, हेच दोनदा सांगितलं.

पण सगळंच विचारतात असंही नाही हं. आबा मला एकदा बैलबाजारात घेऊन गेले होते. तिथे भाव बोलून ठरत नसे. आबा आणि दलाल समोरासमोर उभे, हातांवर रुमाल टाकलेला, आणि रुमालाखाली बोटं धरून भाव. वरून बघणाऱ्याला फक्त कापड हलताना दिसायचं. आबांचा चेहरा असा, की जणू ते पाऊस कधी येईल याचा विचार करताहेत. मी मोठ्याने विचारलं, "आबा, किती म्हणताहेत?" सगळा बाजार हसला. आबांनी माझ्या हातावर गोडीशेव ठेवली, म्हणजे तोंड बंद. ज्या गावात जावयाचा पगार चारचौघांत विचारतात, त्या गावात बैलाची किंमत रुमालाखाली!

आणखी एक. माझी मोठी माय, म्हणजे नानांची आई, घरातून निघणाऱ्याला 'कुठे' विचारू द्यायची नाही. चप्पल पायात गेली की विचारायचं नाही, विचारलं तर ते टोकणं. टोकलं की काम होत नाही. मग निघणारा आत यायचा, पाटावर टेकायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि पुन्हा निघायचा. 'जाते' म्हणायचीही चोरी. "जास म्हनू नही, येस म्हन." गल्लीत पाऊल टाकलं की मात्र चार ओट्यांवरून चार जणी तोच प्रश्न विचारणार, आणि त्यात मोठी मायच पहिली, समोरच्यांच्या सुनेला. ह्याचा मेळ कसा घालायचा मला माहीत नाही, तू मागू नकोस.

आता तुझ्या बाजूचं. बारावीत आम्ही तिघी क्लास बुडवून एसटीने जळगावला सिनेमाला गेलो. बसमध्ये नानांच्या ओळखीचे एक काका. "कथा वं पोरीसहोन?" मी म्हटलं, पुस्तकं आणायला. संध्याकाळी घरी आले तर नाना अंगणात खाटेवर. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुस्तक मोठं दिसत नाही, पिशवी रिकामीच आहे." मुलांना कुणी असं विचारत नव्हतं, किंवा विचारलं तरी बातमी घरी पोचत नव्हती.

आणि माझी आत्या. तू तिला पाहिलेलं नाहीस. ती आखाजीला नाही, ऐन भाद्रपदात माहेरी आली, ट्रंक घेऊन. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी विचारलं, "कव्हय उनी?", कधी आलीस. दुसऱ्या आठवड्यापासून, "कव्हय जाशी?", कधी जाशील. तोच सूर, तेच हसू, वाईट कुणाच्याच मनात नसेल. पण ती ओट्यावर बसेनाशी झाली. नळाला पाणी रात्री उशिरा यायचं तेव्हाच हंडा घेऊन बाहेर पडायची. मी तेव्हा नऊ वर्षांची, तिच्याबरोबर कंदील धरून जायचे. मला वाटायचं तिला अंधार आवडतो.

जीपमधल्या मावशींनी आपलं आडनाव विचारलं आणि मग जरा थांबल्या, आठवतं? त्या थांबण्यात काय असतं ते तुला अजून कळत नाही. कळेल तेव्हा तू माझ्यावर आणखी चिडशील, आणि तेव्हा मी फारसं काही बोलू शकणार नाही. कारण मीही सांगून टाकलं. सवयीने.

राहिलं तुझं तिसरं वाक्य. इथे आले तेव्हा पहिल्या महिन्यात मी लिफ्टमध्ये एका बाईंना विचारलं होतं, कुठे निघालात? त्यांनी सभ्यपणे सांगितलं, पण असं सांगितलं की मी परत विचारलं नाही. कुणालाच नाही. खालच्या मजल्यावरचे ते सायकलवाले आजोबा घर सोडून गेले हे आपल्याला घंटीखालची पाटी बदलली तेव्हा कळलं. तीन वर्षं रोज 'हुडेमॉर्खन', सुप्रभात, म्हटलं त्यांना. मला बरंही वाटतं ह्याचं, खोटं कशाला बोलू. आत्या आइंडहोवनला असती तर भरदुपारी बाजारात गेली असती आणि कुणी मान वर करून पाहिलं नसतं. पण जीपमध्ये त्या मावशी बोलायला लागल्या तेव्हा मी नऊच्या नऊ उत्तरं दिली ती काही त्यांच्यासाठी नाही. अहिराणी बोलायला मिळत होती गं. दहावा प्रश्न त्यांनी विचारला असता तर मी घराचा हप्ताही सांगितला असता.

तुला तसं करायला मी सांगत नाहीये. पुढच्या वेळी कुणी विचारलं आणि नको वाटलं तर 'हे काय, इथंच' म्हण, कुणी राग धरणार नाही. बोरं मात्र घ्यायची.

शनिवारी तू मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच एकटी ट्रेनने जाणार आहेस. दारात उभी राहून मी 'कुठे, कधी येणार' विचारणार नाही. तू बूट घालायच्या आधीच विचारून घेईन.

तुझी,
आई