प्रश्न वाचकांचे : काम अडते कुठे, ते मोजावे

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत आठ जणांच्या टीमची प्रमुख आहे. दर स्प्रिंटनंतर, म्हणजे कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्यानंतर, प्रत्येकाने किती स्टोरी पॉइंट (कामाचा आकार अंदाजाने सांगणारे गुण) पूर्ण केले, याचा तक्ता वरिष्ठांना पाठवावा लागतो. तक्त्यातले आकडे वाढत आहेत, पण ग्राहकाने मागितलेली साधी सुधारणाही त्याच्या हाती पडायला महिना लागतो. आता ‘लीन’ पद्धत, म्हणजे अपव्यय टाळून काम करण्याची पद्धत, आणण्यास सांगितले आहे. प्रत्येक कामाचे एक कार्ड लावलेल्या आमच्या बोर्डवर सध्या २४ कामे सुरू आहेत आणि आठवड्याला साधारण ६ पूर्ण होतात. सुरुवात कशापासून करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे दोन आकडे त्या संपूर्ण तक्त्यापेक्षा अधिक बोलके आहेत. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला रांगांचा एक नियम आहे. सुरू असलेल्या कामांच्या सरासरी संख्येला कामे पूर्ण होण्याच्या दराने भागले, की एका कामाला लागणारा सरासरी काळ मिळतो. २४ ला ६ ने भागा. उत्तर चार आठवडे येते, आणि तोच आपल्या ग्राहकाचा महिना. कामे येण्याचा आणि संपण्याचा वेग साधारण सारखा असेल तेव्हाच हा हिशेब जुळतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. टीममध्ये कोणी कामचुकार आहे असे यातून मुळीच निघत नाही. एका वेळी इतकी कामे हाती घेतली, की इतका काळ लागणारच.

टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी जी उत्पादनपद्धती घडवली, तिच्यात गरजेआधी तयार होऊन पडून राहिलेला माल हा अपव्यय मानला जातो. मेरी आणि टॉम पॉपेंडिक यांनी २००३ साली ही विचारसरणी ‘लीन’ या नावाने सॉफ्टवेअरसाठी मांडली, तेव्हा त्या मालाच्या जागी त्यांनी अर्धवट राहिलेले काम ठेवले. कारखान्यात सुट्या भागांचा ढीग वाटेत येतो आणि पायाला ठेचकाळतो. आपल्याकडे लिहून झालेला पण रिव्ह्यू (सहकाऱ्याकडून तपासणी) न झालेला कोड कोणाच्याच वाटेत येत नाही, म्हणून तो कितीही दिवस पडून राहिला तरी कोणाला खुपत नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात एवढेच करावे : नुकतेच पूर्ण झालेले एक कार्ड घेऊन त्याचा प्रवास तारखांसह कागदावर उतरवावा. मी एका टीमसोबत हे केले, तेव्हा निवडलेले काम अगदी किरकोळ होते, पावतीवरील तारखेची मांडणी बदलण्याचे. कोड लिहायला एक दिवस गेला. त्यानंतर ते पाच दिवस रिव्ह्यूसाठी थांबले, आठ दिवस टेस्टिंगचा सर्व्हर मोकळा होण्याची वाट पाहत राहिले, टेस्टिंग अर्ध्या दिवसात उरकले, आणि मग पुढच्या रिलीजपर्यंत, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकांना दिली जाईपर्यंत, आणखी अकरा दिवस गेले. साडेपंचवीस दिवसांपैकी कामाला माणसाचा हात लागला तो जेमतेम दीड दिवस! डेव्हलपरने दुप्पट वेगाने कोड लिहिला असता तरी ग्राहकाचा अर्धाच दिवस वाचला असता. तो कागद भिंतीवर लागल्यानंतर आमची चर्चा माणसांवरून सर्व्हरकडे वळली, याचे मला आजही समाधान वाटते.

आपल्या देशाशी जोडलेला एक अनुभवही येथे सांगण्याजोगा आहे. २००४-०५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची देखभाल करणाऱ्या हैदराबादमधील एका टीमला प्रत्येक मागणी पूर्ण करायला सुमारे पाच महिने लागत. सॉफ्टवेअर व्यवस्थापनातील तज्ज्ञ डेव्हिड अँडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली पाहणी झाली, तेव्हा असे दिसले, की नव्या मागण्यांना किती वेळ लागेल याचे अंदाज बांधण्यातच टीमची मोठी शक्ती खर्ची पडत होती. ते अंदाज बंद केले गेले आणि एका वेळी हाती घ्यायच्या कामांवर मर्यादा आली. प्रोग्रॅमिंगची व टेस्टिंगची पद्धत तीच राहिली, तरी पाच महिन्यांचा काळ काही आठवड्यांवर आला.

आपणही सुरू असलेली २४ कामे एकदम अर्ध्यावर न आणता आधी १८ ची मर्यादा घालून पाहावी. मर्यादा गाठल्यावर ज्याचे काम संपेल त्याने नवे कार्ड न उचलता अडलेल्या कार्डाला हात द्यावा, मग तो रिव्ह्यू असो वा टेस्टिंग. सुरुवातीला हे फार अवघड जाते, कारण रिकामे दिसण्याची भीती आपल्या कार्यालयांत खोलवर रुजलेली आहे, आणि ती घालवणे हे प्रमुख म्हणून आपलेच काम आहे.

प्रश्न : अशी मोजमापे वार्षिक मूल्यमापनात वापरावीत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वापरू नयेत. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणासंदर्भात दाखवून दिले, की नियंत्रणासाठी वापरू लागताच आकड्याची विश्वासार्हता ढासळते. पगारवाढ स्टोरी पॉइंटांवर ठरली, की कालचे तीन पॉइंटांचे काम आज पाचांचे होते आणि दुसऱ्याच्या कोडचा रिव्ह्यू करायला कोणी धजावत नाही. वरिष्ठांना तक्ता हवाच असेल, तर त्यात नावे न घालता संपूर्ण टीमचे दोन आकडे द्यावेत. पहिला, गेल्या तिमाहीतील १०० पैकी ८५ कामे किती दिवसांच्या आत ग्राहकाच्या हाती पडली. दुसरा, त्यांतली किती कामे बगमुळे परत आली. पहिल्यासाठी सरासरी घेऊ नये, कारण दोन महिने रखडलेले कार्ड सरासरीत सहज लपते आणि ग्राहकाला नेमके तेच आठवते.