जमैकाचा 'बायरन ली अँड द ड्रॅगनेअर्स' हा बँड इतकी दशकं कसा टिकला? रेगे (जमैकाचं संथ लयीचं संगीत) वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राला सोका (त्रिनिदादचं कार्निव्हलमधलं वेगवान संगीत) वाजवायचा तर काय बदलावं लागतं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं: हा बँड पहिल्यापासून नाचणाऱ्यांसाठी वाजवत आला. समोरचे पाय थांबले की गाणं बदलायचं, हा त्यांचा धर्म. रेगेच्या इतिहासात त्यांचं नाव बॉब मार्लीसारखं घेतलं जात नाही त्याचं कारणही हेच, आणि बाकीचे बँड विरून गेले तरी हा उभा राहिला त्याचंही.

बायरन ली यांचा जन्म २७ जून १९३५ चा. वडील चिनी वंशाचे, आई आफ्रिकी वंशाची. किंग्स्टनच्या सेंट जॉर्जेस कॉलेजात ते फुटबॉल खेळायचे आणि १९५० च्या सुमारास कार्ल ब्रेडी या मित्रासोबत त्यांनी बँड काढला. नावही कॉलेजच्या फुटबॉल संघावरून घेतलं. सुरुवातीला वाजवायचे ते मेंटो, म्हणजे जमैकाचं जुनं लोकसंगीत. १९५६ च्या आसपास व्यवसाय म्हणून वाजवायला लागले आणि बेटावर येणाऱ्या चक बेरी, सॅम कुक, फॅट्स डॉमिनो, ड्रिफ्टर्स अशा अमेरिकी कलाकारांना साथ करू लागले. माझ्या मते खरी तालीम इथे झाली. आज एका गायकाला साथ, उद्या दुसऱ्याला, गाणी त्याची, पट्टी त्याची. असं काम करणाऱ्या वादकांना पुढे कोणतीही शैली परकी वाटत नाही.

याच काळातली एक तांत्रिक गोष्ट महत्त्वाची आहे. जमैकाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक बास आणण्याचं श्रेय ली यांना दिलं जातं, आणि ते स्वतः बासच वाजवायचे. उभा लाकडी बास मोठ्या हॉलमध्ये ब्रासखाली, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारख्या फुंकवाद्यांखाली, दबून जायचा. ॲम्प्लिफायरला जोडलेला बास मागच्या रांगेपर्यंत पोचला, आणि पुढे रेगेचा सगळा डोलारा बासवरच उभा राहिला.

स्काची, म्हणजे रेगेच्या आधीच्या वेगवान जमैकन संगीताची, कथा थोडी अवघड आहे. हे संगीत पश्चिम किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतलं. ली यांचा बँड मात्र ग्लास बकेट क्लबसारख्या उच्चभ्रू जागांतला. एडवर्ड सिआगा (ध्वनिमुद्रण व्यवसायातले, पुढे मंत्री आणि पंतप्रधान) यांनी त्यांना त्या वस्तीतल्या चोकोमो लॉनवर नेऊन स्का ऐकवला. १९६२ मध्ये पहिल्या जेम्स बाँड चित्रपटात बँड पडद्यावर दिसला. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जमैकातर्फे साथ करायला ड्रॅगनेअर्स गेले. स्का ज्यांनी घडवला ते स्कॅटलाइट्स बँडचे वादक मागे राहिले. ही तक्रार आजही ऐकू येते आणि मला ती रास्त वाटते. पण त्याच बँडने स्काला वस्तीबाहेरचे दरवाजे उघडून दिले, हेही तितकंच खरं.

इतकी वर्षं टिकण्याचं मोठं कारण मात्र स्टेजबाहेर आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी ली यांनी सिआगांची जुनी वेस्ट इंडीज रेकॉर्ड्स कंपनी विकत घेतली आणि तिचं डायनॅमिक साउंड्स केलं. स्टुडिओ, तबकड्या छापण्याचं यंत्र आणि वितरण, सगळं एका हाती आलं. पॉल सायमन तिथे येऊन रेकॉर्डिंग करून गेले, १९७२ च्या अखेरीस रोलिंग स्टोन्सही आले. ज्या बँडला स्टुडिओच्या तासांचं भाडं द्यावं लागत नाही आणि तबकडी कोण विकेल याची चिंता नसते, त्याला एखादं वर्ष पडेल गेलं तरी वादक सोडून जात नाहीत.

आता सोका. १९७० च्या दशकात जमैकाचं रेगे स्टुडिओत आणि साउंड सिस्टिमवर गेलं. तबकडी लावणारा माणूस पंधरा माणसांच्या बँडपेक्षा स्वस्त पडतो. ली यांनी नजर त्रिनिदादकडे वळवली, कारण कार्निव्हलमध्ये जिवंत बँड लागायचाच. कॅलिप्सो, म्हणजे त्रिनिदादचं जुनं लोकसंगीत, गाणाऱ्या माइटी स्पॅरोबरोबर त्यांची तबकडी १९६९ मध्येच झाली होती. सोका घडवणारे लॉर्ड शॉर्टी यांनी कॅलिप्सोमध्ये भारतीय गिरमिटियांच्या वंशजांचा ढोलक मिसळला होता; 'इंद्राणी' हे त्यांचं गाणं १९७३ चं. ड्रॅगनेअर्सनी हा ठेका बेटाबेटांवर नेला. १९८० च्या दशकातलं 'टायनी वायनी' त्यांचं सर्वांत गाजलेलं सोका गाणं, आणि १९९० मध्ये ली यांनी किंग्स्टनमध्येच जमैका कार्निव्हल सुरू केला. रेगेच्या माहेरात सोका रस्त्यावर आणणं हे धाडसच होतं.

तुमच्या ऑर्केस्ट्रासाठी आता ठेक्याचं बोलू. चार मात्रा मोजा आणि दोन मात्रांच्या मधल्या जागेला 'आणि' म्हणा: एक-आणि-दोन-आणि. रेगे मिनिटाला ७० ते ८० मात्रा. गिटारची 'चक' (तारांवरचा आखूड, तुटक फटका) प्रत्येक 'आणि'वर. 'वन ड्रॉप' ठेक्यात किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअरची (करकरीत आवाजाच्या लहान ड्रमची) कड एकत्र दोन आणि चारवर पडतात, पहिली मात्रा रिकामी. ती रिकामी जागाच रेगे. स्काची लय १२० च्या आसपास, तरी गिटार 'आणि'वरच, आणि बास मात्रेमागून मात्रा चालत जातो. ऐंशीच्या दशकातला सोका साधारण ११० ते १२५ वर बसतो (आजचा वेगवान 'पॉवर सोका' १६० च्या आसपास, तो सध्या बाजूला ठेवा). किक चारही मात्रांवर. दोन मात्रांचे आठ समान भाग केले तर स्नेअर चौथ्या आणि सातव्या भागावर, म्हणजे ३-३-२ अशी विभागणी. विसर्जन मिरवणुकीत ढोल ठोका धरून ठेवतो आणि ताशा त्यावरून धावतो, तसं किक आणि स्नेअरचं नातं ठेवा.

यावरून दिसेल की रेगेतून थेट सोकात उडी मारली तर लय आणि किक दोन्ही एकदम बदलतात आणि नाचणारे अडखळतात. मध्ये एक-दोन स्का गाणी ठेवा. लय १२० वर येते, मग फक्त ड्रमचा ठेका बदलायचा उरतो. ड्रॅगनेअर्सकडे मेंटोपासून सगळं असल्यामुळे असे जिने त्यांना आयते होते.

बिघडतं ते बहुतेक चार ठिकाणी. ड्रमर सवयीने पहिली मात्रा सोडतो आणि सोका लंगडा वाटतो. त्याला आधी दहा मिनिटं नुसती किक वाजवायला लावा, स्नेअर नको. बासवाला रेगेसारखे लांब, जाड सूर धरतो. किक आता दुप्पट वेळा पडते, त्यामुळे खालचा आवाज नुसता गढूळ होतो. सूर आखूड करा, तार तळहाताने दाबा. गिटार आणि कीबोर्ड दोघंही 'चक' मारत बसतात. सोकात एकानेच ती धरावी, दुसऱ्याने चार मात्रांचे सोळा भाग करून त्यांवर हलकी खरड ठेवावी. चौथी अडचण ब्रासची. दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, एक सॅक्सोफोन एवढा ताफा पुरतो, पण सोकात त्यांना उसंतच मिळत नाही. ट्रम्पेटवाल्याचे ओठ तासाभरात थकतात, मग वरचे सूर फाटतात. दोघांनी आळीपाळीने वरची ओळ घ्यावी. पट्टी गायकाला झेपत असेल तर एफ, बी फ्लॅट किंवा ई फ्लॅट ठेवा, ब्रासला ती सोयीची.

गायक किमान दोन हवेत. सोकाचा गायक गाण्याइतकाच लोकांना हाकारतो, उडवतो, हात वर करायला लावतो. एकाच गळ्याने दोन तास हे होत नाही. ड्रॅगनेअर्समध्येही कीथ लिन, केन लाझारस अशी गायकांची फळी असायची. गळे बदलले तरी मागचा ताल आणि ब्रास एकजिनसी राहिले, म्हणून नाव टिकलं.

ट्रकवर वाजवायची वेळ आली तर स्पीकर गायकाच्या पुढे आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून बांधा, नाहीतर माइक शिट्टी मारणार. जनरेटर गायकापासून सर्वांत लांबच्या टोकाला, धूर मागे जाईल असा. ड्रमसेटचं प्रत्येक स्टँड दोरीने फळ्यांना बांधा. किकचा ड्रम गचक्याने पुढे सरकतो आणि ड्रमर त्याच्यामागे सरकत जातो.

बायरन ली ४ नोव्हेंबर २००८ रोजी कर्करोगाने गेले. बँड त्यानंतरही 'बायरन लीज ड्रॅगनेअर्स' या नावाने चालू राहिला, कारभार त्यांची मुलगी ज्युलियन हिच्याकडे आला. ऐकायला सुरुवात करायची तर आधी १९५९ चं 'डंपलिन्स', मग 'जमैका स्का', मग स्पॅरोबरोबरचं 'ओन्ली अ फूल', शेवटी 'टायनी वायनी'. प्रत्येक गाणं दोनदा ऐका: एकदा फक्त किक, एकदा फक्त बास.