बुजरी आहे म्हणून कॉम्प्युटरच घ्यायचं का?

प्रश्न: ताई, मी रावेर तालुक्यातली, बारावी सायन्स झाली, सीईटीचे दोन्ही ग्रुप दिलेत. क्लासमधे पर्सनॅलिटी टेस्ट घेतली, त्यात इंट्रोव्हर्ट आलं, सर म्हटले मग कॉम्प्युटर घे, लोकांशी बोलावं लागत नाही. आप्पापण तेच धरून बसलेत. मला केळीच्या बागेत करमतं, कोणता घड कधी निसवला ते वहीत लिहिते, मागच्या साली पानांवरचा करपा रोगपण आधी मलाच दिसला. अ‍ॅग्री घ्यावंसं वाटतं, पण शेतकऱ्यांशी बोलायची भीती वाटते.

उत्तर: अगं, कॉम्प्युटरवाल्यांना बोलावं लागत नाही हे सरांना कोणी सांगितलं? माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, सकाळी मीटिंगला बसतो तो जेवणापर्यंत बोलतच असतो.

जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली स्वभाव आणि काम यांची सांगड मांडली, त्यातनंच पुढे सहा प्रकार आले, हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांत रमणारे, पुढारपण करणारे, नोंदी ठेवणारे. यात बुजरा असा प्रकारच नाही बघ, कारण तिथे विचारतात तुला काय करायला आवडतं. तुझी वही म्हणजे शोध आणि नोंद दोन्ही, आणि ती लिही म्हणून कोणी मागे लागलं नव्हतं.

स्वभावाचा नि शाखेचा संबंध नसतोच असंही नाही हं. डेन्मार्कच्या आना वेडेल यांनी २०१६ मधे १२ अभ्यास एकत्र तपासले, त्यात आर्ट्स आणि सायकॉलॉजीच्या मुलांत नव्या गोष्टींची ओढ सरासरीने जास्त दिसली. पण सरासरीच ती, जळगावच्या वर्षभराच्या तापमानाची सरासरी काढली तर मे महिना कुठल्या कुठे लपतो.

आता भीतीचं. अ‍ॅग्रीला शेवटच्या वर्षी गावात जाऊन शेतकऱ्यांसोबत काम करावं लागतं, ते काही टळत नाही. पुढे रोपं तयार करायची टिश्यू कल्चरची लॅब आहे, माती परीक्षण आहे, तिथे बोलणं कमी. पण मला सांग, करपा दिसला तेव्हा आप्पांना तूच सांगितलं ना? आप्पापण शेतकरीच आहेत की.

प्रवेशाचा कॅप फॉर्म भरायच्या आधी एकदा ती वही आप्पांसमोर ठेव, टेस्टच्या रिझल्टशेजारी. आणि हो, करपा आधी कोणत्या पानावर दिसला ते लिहिलंय का त्यात?